घरात एकूण व्यक्ती दोन

फोन आला तेव्हा जयप्रकाश सोवनीचा हात मनगटाच्या वरपर्यंत तुरीच्या पोत्यात होता. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतली शेड, वर तापलेला पत्रा, खाली ओल्या धान्याचा आंबूस वास, आणि पोत्याच्या पोटातली ती ऊब. भिजलेलं धान्य आतून तापतं. बाहेरून पोतं गार लागतं, आणि हात आत घातला की कुणाच्या तरी काखेत घातल्यासारखं वाटतं. सरकारी विमा कंपनीच्या सागरी दाव्यांच्या विभागात त्याचं आयुष्य गेलं होतं. भिजलेला माल बघायचा आणि पाणी कुठं लागलं ते ठरवायचं. जहाजावर लागलं असेल तर नुकसान आपलं. जहाजावर चढण्याआधीच लागलं असेल तर आपलं नाही. 'आपलं नाही' हे सिद्ध करण्यात त्याचा हात धरणारा एस्प्लनेडच्या ऑफिसात कुणी नव्हता. त्याने डाव्या हाताने फोन उचलला. उजवा आतच राहू दिला.

एक मुलगी हिंदीत बोलत होती. तिच्यामागे आणखी कितीतरी मुली बोलत होत्या, सगळ्या थोड्याफार फरकाने तेच. ती म्हणाली, 'जॉर-खोबोर'मधून बोलतेय, कसब्यातलं सोवनींचं घर ना? रक्ताचा रिपोर्ट आलाय. मलेरिया आहे, वाईटातला. आजच्या आज वॉर्डाच्या दवाखान्यात पाठवा, औषध तिथं फुकट मिळेल, उशीर करू नका. एक क्षण त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. त्याला वाटलं, आपल्यालाच झालाय. आपल्याला कळलं नाही आणि त्यांना कळलं. मग त्याला आठवलं की आपण रक्त दिलेलं नाही, आणि तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, पेशंट महिला आहे.

"माझ्या घरात महिला नाही," तो म्हणाला. "मी एकटा राहतो."

"पण सर, इथं घरात एकूण व्यक्ती दोन असं दिसतंय."

"चुकीचं दिसतंय."

ती फोनवरून तोंड वळवून काहीतरी बोलली. कुणाला तरी विचारलं असावं. मग तिने विचारलं, नोंद चुकीची म्हणून बंद करू का? करा, असं तो म्हणाला. हात बाहेर काढला, रुमालाने पुसला. तांबूस ओला कोंडा बोटांच्या बेचक्यांत चिकटून राहिला होता. माल पाठवणाऱ्याचा माणूस समोर उभा होता, चेहऱ्यावर आशा होती. जयप्रकाश त्याला म्हणाला की पाणी जुनं दिसतंय.

तसं 'जॉर-खोबोर', म्हणजे 'तापाची खबर', हे ॲप त्याच्या फोनमध्ये होतं. पावसाळ्याच्या तोंडावर बिल्डिंगचे सेक्रेटरी श्यामसुंदरजी यांनी सगळ्यांना घ्यायला लावलं होतं. वॉर्डातले स्वयंसेवक घरोघर फिरतात, कुणाला ताप आहे का विचारतात, टाकीत, कुंड्यांत पाणी साठलंय का बघतात, आणि ते सगळं फोनमध्ये भरतात. प्रत्येक घर म्हणजे नकाशावर एक ठिपका. काही नसेल तर हिरवा, ताप असेल तर पिवळा, मलेरिया निघाला तर लाल. आपल्यालाही रोज संध्याकाळी ते विचारतं, आज घरात कुणाला ताप आहे का? सुरुवातीला जयप्रकाशला याची गंमत वाटली होती. दिवसभरात हा एवढा एकच प्रश्न त्याला कुणी त्याच्या शरीराबद्दल विचारायचं. तो 'नाही' दाबायचा, आणि दाबताना कधीकधी तळवा स्वतःच्या मानेला लावून बघायचा. स्वतःचा ताप स्वतःच्या हाताला कळत नाही. हात आणि मान एकदमच तापतात. लहानपणी आई बोटांची मागची बाजू गळ्याला लावायची आणि काही न बोलता उठून जायची, आणि ती कुठल्या बाजूला गेली यावरून कळायचं. स्वयंपाकघराकडे गेली तर ताप नाही. कपाटाकडे गेली तर आहे.

त्या संध्याकाळी कुलूप उघडून आत आल्यावर तो दारातच थांबला. फ्लॅट नेहमीसारखाच होता. पुसलेली फरशी, झाकून ठेवलेलं जेवण, दोरीवरून काढून घडी घातलेले त्याचे शर्ट. तरी आपण आत यायच्या आधी कुणीतरी इथं बोलत होतं आणि आता गप्प झालं, असं त्याला वाटलं. त्याने दिवे लावले. न्हाणीघराचं दार ढकलून बघितलं, आणि मग आपण काय बघतोय हे लक्षात येऊन त्याला स्वतःचीच लाज वाटली. जेवताना त्याने ॲप उघडलं. रस्ता, गल्ली, बिल्डिंग, आणि त्याच्या घरावर पिवळा ठिपका. म्हणजे लाल होता होता कुणीतरी परत फिरवलेला. खाली लिहिलं होतं : कुटुंबप्रमुख जयप्रकाश सोवनी, पुरुष, प्रौढ. त्याखाली : महिला, प्रौढ. तिला नाव नव्हतं. वरणात मीठ नव्हतं. त्याने वरून घेतलं आणि त्या दोन ओळींकडे बघत जेवण संपवलं.

लीना ठाण्याला होती. तिची कॉलेजातली नोकरी, लेक आभाचं शिक्षण, आणि मुख्य म्हणजे आता पुन्हा नवं गाव नको, हा तिचा निश्चय. बदलीचा कागद आला तेव्हा ती रागावली नव्हती. तिने शांतपणे त्याच्या बॅगेत काय काय लागेल ते भरलं, आणि सर्वांत खाली तिच्या जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी घातली. कलकत्त्यात गोधडी कशाला, असं तो म्हणाला होता. असू दे, म्हणाली होती. तो इथं आल्यापासून ती गोधडी कपाटाच्या वरच्या खणात होती. फोनवर त्याने तिला हसत हसत सांगितलं की सरकारदरबारी आमच्या घरात एक बाई राहते आणि तिला मलेरिया झालाय. लीनाही हसली. मग तिने विचारलं, "तुला नाही ना ताप?" या प्रश्नासाठीच आपण हे सगळं सांगितलं, हे त्याला तेव्हा कळलं. नाही, तो म्हणाला, आणि फोन ठेवून खिडकीशी गेला. खाली गल्लीत दुर्गापूजेचा मांडव उभा राहत होता. बांबूंची टोकं आकाशाकडे उघडी होती, दुपारच्या सरीचं पाणी त्यांत साठलं असणार. त्या प्रत्येक पोकळीत वाळू भरून घ्या, अशी सूचना बिल्डिंगच्या ग्रुपवर आली होती. कुणी भरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामसुंदरजी जिन्यात भेटले. कापडाचा व्यापार करणारा सभ्य माणूस, कधी आवाज चढत नसे. ते लिफ्टचं दार धरून म्हणाले की, सोवनीसाहेब, घरी कुणी पाहुणे आलेत वाटतं. जयप्रकाश नाही म्हणाला. ते म्हणाले, नाही, असतील तरी आमची हरकत नाही, आजकाल कोण कुणाला विचारतंय, फक्त तब्येत बरी नसेल तर बिल्डिंगला कळवावं, लहान मुलं आहेत. त्यांचं हसणं इतकं समजूतदार होतं की जयप्रकाशच्या कानशिलांत रक्त चढलं. म्हणजे सगळ्यांनी बघितलं होतं. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचं घर होतं, त्यात एक पुरुष आणि एक बिनानावाची बाई. दुपारी धुराचं मशीन घेऊन दोघेजण येऊन गेल्याचं वॉचमनने संध्याकाळी सांगितलं. जिन्यात अजून तो रॉकेलचा पांढरट वास कोंडला होता. फक्त त्याच्याच मजल्यावर दोनदा मारला म्हणे.

तो कपडे न बदलताच बसला आणि ॲपमधली ती जागा शोधून काढली. 'कुटुंबातील सदस्य' उघडलं. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. 'सदस्य काढून टाका.' ॲपने विचारलं, नक्की? त्याने हो दाबलं. ओळ नाहीशी झाली. क्षणभर पडद्यावर काहीतरी गोल फिरलं आणि ठिपका हिरवा झाला. एखादा खोटा दावा फेटाळल्यावर यायचं तसं समाधान त्याला आलं. स्वच्छ, कोरडं. त्यानंतर लगेच, कारण नसताना, त्याच्या पाठीवरून एक शिरशिरी गेली. त्याने पंखा कमी केला. पानात बटाट्याची भाजी होती, एका बाजूने करपलेली. भात मधून कच्चा होता. सरलाला फोन करून सांगायला हवं, असं त्याने ठरवलं आणि विसरला.

सरला मंडल त्याच्याकडे दोन वर्षं स्वयंपाक करत होती. तो ऑफिसला गेल्यावर ती यायची, तो परतायच्या आधी जायची. किल्ली वॉचमनकडे असायची. सियालदहच्या दक्षिणेकडच्या गाड्यांनी अशा शेकडो बायका येतात आणि बालीगंजला उतरून घराघरांत पांगतात, त्यातली ती एक. सुरुवातीला ती वरणात साखर घालायची. त्याने फोनवर मोडक्या बंगालीत सांगितलं, साखर नको, हिंग घाला. तेव्हापासून ती त्याला 'मराठी डाल' म्हणायची आणि त्याच्या आईसारखंच करायची. एकदा बंदमुळे तो दुपारीच घरी आला, तर ती स्वयंपाकघरात चटईवर झोपली होती. उशाला दुमडलेला हात, पायांत चांदीची जोडवी नव्हे तर आलत्याचा लाल रंग, आणि ओट्यावर तिचा स्वतःचा पेला. ती धडपडून उठली, म्हणाली, तीनची गाडी आहे बाबू, तोवर जरा पाठ टेकते. हरकत नाही, असं तो म्हणाला आणि झोपण्याच्या खोलीत जाऊन दार लावून बसला. आपणच कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो अशा संकोचाने ती जाईपर्यंत पाणी प्यायलाही बाहेर आला नाही. त्यानंतर तो दुपारी कधी घरी आला नाही.

आणखी एक दिवस जेवण झाकलेलं होतं, म्हणजे नुसती खिचडी. त्याच्या पुढच्या दिवशी काहीच नव्हतं. ओटा कोरडा, सकाळचा कप तसाच. त्याने सरलाला फोन केला. बंद. त्याला राग आला. पूजेच्या आधी या बायका अशाच दांड्या मारतात, असं ऑफिसातले लोक म्हणायचे. त्याने कोपऱ्यावरचा अंडारोल खाल्ला, दुसऱ्या दिवशीही खाल्ला. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी उठून त्याने स्वतःच चहा केला आणि साखरेचा डबा सापडेना म्हणून ओट्याखालचं फडताळ उघडलं. आत, डब्यांच्या मागे, घडी करून कोंबलेली लीनाची गोधडी होती.

त्याने ती ओढून बाहेर काढली. कपाटाच्या वरच्या खणातली गोधडी. ती इथं कशी आली हे त्याला कळेना. मग त्याने ती नाकाशी नेली. लीनाच्या कपाटाचा वास गेला होता. त्या जागी घामाचा वास होता, आंबूस, वाळलेला, थरावर थर बसलेला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, खिडकीची जाळी तापली होती, आणि या घरात कुणाला तरी इतकी थंडी वाजली होती की स्टूल घेऊन, चढून, वरचा खण उघडून तिने ही काढली होती. इथं, या चटईवर, गॅसच्या शेजारी पांघरून पडली होती. एकदा नव्हे. दात वाजत असतील. मग घाम सुटून ताप उतरला असेल, आणि मग उठून तिने त्याच्यासाठी भात लावला असेल. जयप्रकाश फरशीवर बसला. दिवसा ती इथं रोज चार तास असायची, तो स्वतः सुट्टी सोडली तर दिवसा या घरात नसायचा. घरात एकूण व्यक्ती दोन. कुणीही खोटं लिहिलं नव्हतं.

वॉर्डाचा दवाखाना रविवारी अर्धा दिवस उघडा होता. घरोघर फिरून नोंदी करणाऱ्या बाई तिथंच भेटल्या, नाव शकुन. निळं जॅकेट घातलेली, बिहारकडची, पन्नाशीतली. तिला त्याने आजवर पाहिलंही नव्हतं. त्याने घर सांगितलं. तिला लगेच आठवलं. ती म्हणाली, हो, ती सरला, सावळी, मीच रक्त घेतलं. दर आठवड्याला दार तीच उघडायची. पहिल्यांदा मी विचारलं होतं, घरात किती माणसं, तर म्हणाली दोन. तिला वाटलं असेल दिवसा किती, मी काय जास्त विचारणार. तिच्या गावाकडे सरकारी माणूस येतो का विचारलं, तर म्हणाली, येतो, पण मी तेव्हा इथं असते.

"मग रिपोर्ट आल्यावर तुम्ही तिला का नाही सांगितलं?" जयप्रकाशने विचारलं. आपला आवाज चौकशी अधिकाऱ्यासारखा येतोय हे त्याला ऐकू आलं.

शकुनने फोन काढून त्याला दाखवला. त्याची गल्ली, त्याची बिल्डिंग. "घरच माझ्या यादीतून गेलं, साहेब. बंद झालेलं घर आम्हांला दिसत नाही. मी समजले औषध सुरू झालं." मग हळूच म्हणाली, "मी तिला सांगून ठेवलं होतं, काही वाईट निघालं तर घरच्या नंबरवर फोन येतो, बाबू सांगतील. काही बोलले नाहीत तर समज, सगळं ठीक आहे."

त्याने पत्ता मागितला. तिचा पत्ता तुमचाच लिहिलाय, असं ती म्हणाली. एवढं आठवतं की तालदीहून येते म्हणत होती.

बालीगंजच्या फलाटावर उभं असताना त्याला समजलं की आपल्याला सरलाचा चेहरा नीट आठवत नाही. गळ्यातली काळी दोरी आठवते, हसताना तोंडावर पदर धरणं आठवतं. डोळे आठवत नाहीत. गाडीत गर्दी कमी होती, सुट्टीचा दिवस. शहर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना तळी लागली, हिरव्या शेवाळाने भरलेली, त्यात पाय बुडवून उभी असलेली घरं. फोनवर नकाशा उघडून तो बघत होता. कसबा, ढाकुरिया, सगळे हिरवे ठिपके. गरियाच्या पुढे कुठेतरी शहराची हद्द संपली आणि ठिपकेही संपले. पुढे नुसता करडा रंग होता. त्यात घरं होती, ती त्याला खिडकीतून दिसत होती, आणि पडद्यावर एकही नव्हतं. त्याने तहानेने ओठ चाटले. तिला काही झालं नसेल, असं तो मनाशी म्हणाला. ताप उतरला असेल, अंगणात बसली असेल, मला बघून पदर तोंडावर धरेल. मग आपण काय म्हणायचं? रिपोर्ट आला होता, असं? केव्हा आला होता, असं ती विचारेल. विचारणार नाही. असल्या बायका विचारत नाहीत, आणि हा विचार मनात आल्याबरोबर त्याला गाडीतून उतरून जावंसं वाटलं.

तालदीला स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर त्याने विचारलं. कसब्यात स्वयंपाकाला जाणारी सरला मंडल. टपरीवाला म्हणाला की इथं मंडल सगळेच आहेत आणि कसब्याला अर्धं गाव जातं. भाजी घेणाऱ्या एका बाईने मान वळवली. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं की, तुम्ही मराठी डालवाले बाबू का? हो, तो म्हणाला. ती शोभा, सरलाची जाऊ. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि सांगितलं की काल दुपारपासून ती बडबड करतेय, कुणाला ओळखत नाही, आज पहाटे व्हॅनरिक्षात घालून कॅनिंगच्या हॉस्पिटलात नेलीय. मीही तिकडेच निघालेय. यायचं तर या.

हॉस्पिटलात खाटा पुरत नव्हत्या. सरला दोन खाटांच्या मधल्या जागेत, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर होती. हाताला सलाइन, मनगटं चिंध्यांनी गादीच्या कडेला बांधलेली, कारण ती सारखी उठू बघत होती. तिच्या नवऱ्याने, एका किडकिडीत माणसाने, जयप्रकाशला बघून उगाचच उभं राहून नमस्कार केला. सरलाचे डोळे उघडे होते. पिवळे. ती छताकडे बघत काहीतरी पुटपुटत होती. जयप्रकाश वाकला. बंगाली शब्द होते, एकमेकांत मिसळलेले. गाडी चुकेल, असं काहीतरी. त्याने बोटांची मागची बाजू तिच्या गळ्याला लावली. हात आपोआप मागे आला.

तरुण डॉक्टर आला तेव्हा त्याला घाई होती, डोळ्यांखाली काळं होतं. मलेरिया मेंदूत गेलाय, मूत्रपिंडं काम करेनाशी झालीत, असं त्याने भिंतीकडे बघत सांगितलं. मग विचारलं की ताप नक्की कधीपासून. नवरा म्हणाला, तीन दिवस. शोभा म्हणाली, जास्त असेल, ती सांगायची नाही, काम जाईल म्हणून. डॉक्टर चिडून म्हणाला, घरच्यांना माहीत नाही तर कुणाला माहीत असणार, दिवसभर कुठं असते ही?

"माझ्याकडे," जयप्रकाश म्हणाला.

डॉक्टरने पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. जयप्रकाशने सांगायला सुरुवात केली. मंगळवारी मीठ नव्हतं. म्हणजे त्याच्या आधीच रक्त घेतलं होतं. मंगळवारी गोदीत होतो, फोन तेव्हाच आला, मलेरिया निघालाय असा. बुधवारी भाजी करपली होती, भात मधून कच्चा होता. त्या दिवशी मी तिचं नाव, म्हणजे नाव नव्हतं, तिची नोंद काढून टाकली. गुरुवारी नुसती खिचडी. शुक्रवारपासून ती आली नाही. आदल्या आठवड्यात, शनिवारी असेल, वरण पातळ होतं, मला वाटलं घाईत केलं. तेव्हापासून धरा. तो बोलत होता आणि त्याला दिसत होतं की आपल्याजवळ तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे, आपण जे खाल्लं ते. डॉक्टरने लिहायचं थांबवलं होतं.

"मंगळवारी कळलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

नवऱ्याला हिंदी फारसं येत नव्हतं. त्याने शोभाकडे बघितलं. शोभाने त्याला काही सांगितलं नाही. तिने पदराने सरलाच्या कपाळावरचा घाम टिपला आणि जयप्रकाशला म्हणाली, बाबू, तुम्ही जरा बाहेर बसा, इथं हवा नाही.

तो बाहेर व्हरांड्यात बसला. कलकत्त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, त्याने फोन केले, गाडी ठरवली, ओळखीचं नाव सांगून एक खाट मिळवली. त्या सगळ्यात त्याचा आवाज स्थिर होता. गाडी यायच्या आधी, दिवस मावळताना, आत एकदम हालचाल झाली आणि मग थांबली. रडण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने नवरा बाहेर आला आणि त्याच्या शेजारी बाकावर बसला. जयप्रकाशला बोलायचं होतं. त्या माणसाला न समजणाऱ्या भाषेत तो म्हणाला, "फोन मला आला होता." मग तेच हिंदीत म्हणाला. नवऱ्याने मान हलवली, जशी आपण मोठ्या माणसाच्या कुठल्याही बोलण्यावर हलवतो. ठरवलेली गाडी तिचा देह शहराकडे न नेता गावाकडे घेऊन गेली. जयप्रकाश त्या गाडीत बसला नाही. कुणी बस म्हणालं नाही. तो रात्रभर स्टेशनवर राहिला.

सकाळची पहिली गाडी बायकांनी भरलेली होती. बायकांचे डबे ओसंडून त्या साध्या डब्यांतही चढल्या होत्या, दारात, वाटेत, खाली बसून. धुतलेले केस, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, डबे. काही बसल्याबसल्या झोपल्या होत्या. शहर जवळ येत होतं, तळ्यांवर धुकं होतं. जयप्रकाश खिडकीशी होता. त्याच्या समोर, दोन बाकांच्या मध्ये, एक विशीबाविशीची मुलगी खाली बसली होती. तिने गुडघे छातीशी घेतले होते आणि पदर खांद्यांभोवती घट्ट ओढून घेतला होता. डब्यात उकडत होतं. तिच्या हातातल्या बांगड्या बारीक किणकिणत होत्या, गाडी स्टेशनात थांबली तरी थांबत नव्हत्या.

तो बराच वेळ त्या बांगड्या ऐकत राहिला. मग पुढे वाकला आणि हळू आवाजात, जेवढं बंगाली येत होतं तेवढ्यात, त्याने विचारलं, तुला ताप आहे का?

मुलीने वर बघितलं. तिचे डोळे लालसर होते, आणि त्यांत आधी झोप होती, मग भीती आली. तिने हात पदराआड घेतले. बांगड्या गप्प झाल्या.

"ना बाबू," ती म्हणाली. "किच्छू ना."

आणि सोनारपूर आलं तशी ती पिशवी उचलून उठली, गर्दीतून वाट काढत उतरली, आणि फलाटावरून धावत जाऊन पुढच्या डब्यात चढली.